माईक एक, गर्दी दोन

सोयाबीन निघालं, दिवाळी सरली की लोहा-कंधार भागातल्या रिकाम्या वावरांवर रोलर फिरू लागतो. मंडप, जनरेटर, टेबलावर मांडलेले चषक, आणि कोपऱ्यात माईक धरून बसलेले तुम्ही. समालोचक मित्रहो, या अंकात बोलायचंय ते तुमच्याशीच.

आजवर तुमचं काम सरळ होतं. चेंडू कुठं गेला हे समोरच्या गर्दीला दिसत होतं, ते सांगायची गरज नव्हती. तुम्ही रंगत आणायची, दात्यांची नावं घ्यायची, सीमारेषेत घुसलेल्या मोटारसायकली बाहेर काढायला लावायच्या. आता मंडपाशेजारी तिपाईवर मोबाईल चढलाय आणि सामना यूट्यूबवर लाइव्ह जातोय. चाकणला पाळी संपवून खोलीवर आलेला गावातला पोरगा तो बघतोय. दुपारच्या उन्हात, एकाच कॅमेऱ्यातून टेनिसचा चेंडू त्याला दिसतच नाही. त्याला ऐकू येतं फक्त, "काय फटका, काय फटका!" चौकार गेला की झेल झाला, हे त्याला पुढच्या चेंडूपर्यंत कळत नाही.

यावरचा उपाय जुनाच आहे: रेडिओ. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीतून समालोचन करायचे, तेव्हा ऐकणाऱ्यापुढं चित्र नव्हतंच. गोलंदाज कोणत्या बाजूनं येतोय, क्षेत्ररक्षक कुठं उभा आहे, धावफलक किती, हे आधी, वाहवा नंतर. हाच क्रम आपण उचलावा.

एक भर मात्र आपल्या मातीतली घाला. 'डीप मिडविकेट' म्हणण्यापेक्षा 'लिंबाच्या झाडाकडं', 'पाण्याच्या टाकीवरून', 'रोडच्या अंगाला' म्हणा. चाकणचा तो पोरगा त्याच वावरात खेळून वाढलाय. टाकी म्हटलं की चेंडू त्याच्या डोळ्यांपुढं पडतो. 2023 साली जिओसिनेमावर आयपीएलचं समालोचन मराठीत आलं, आनंदच आहे. पण त्या स्टुडिओतल्या माणसाला आपली टाकी माहीत नाही. त्याची नक्कल करून तुम्ही हातातला पत्ता टाकून देता. (आणि हिंदी वाहिन्यांवरची आरडाओरड तर मुळीच नको.)

मधल्या रिकाम्या वेळाचं काय करायचं, ते कुस्तीकडून शिका. आपल्या तालुक्यातच माळेगावला खंडोबाची जत्रा भरते, दंगल होते. कोथळीच्या शंकर पुजारींसारखा निवेदक पैलवानाची तालीम, वस्ताद, मागच्या कुस्त्या सांगत राहतो; लढत थंडावली तरी फड थंडावत नाही. आपल्या फलंदाजाचं गाव, मागच्या सामन्यातल्या धावा, एवढं तरी खिशातल्या चिठ्ठीवर असावं.

आता तांत्रिक. षटकांच्या मधे डीजेवर सिनेमाची गाणी वाजली की यूट्यूबचा कॉपीराइटचा दावा येतो, आवाज बंद होतो, कधी प्रक्षेपणच. हलगीवाला बोलवा, हलगीवर कुणाचा दावा येत नाही, आणि चार पैसे गावातच राहतात. माईकची वायर मिक्सरमधून थेट मोबाईलला जोडा. भोंग्याचा आवाज मोबाईलच्या माईकनं उचलला की वाऱ्यात निम्मे शब्द जातात. लाइव्ह चित्र काही सेकंद मागं असतं, म्हणून मोबाईलकडं बघून बोलू नका, मैदानाकडं बघा.

दात्यांची नावं टाळा असं कोण म्हणेल? त्यांच्याच पैशावर चषक उभा आहे. ती षटक संपल्यावर घ्या. गोलंदाज धावत येत असताना नको.