गोणपाटाची माणसे



गेल्या खेपेस याच सदरात आपण मुलांच्या मराठी वाचनाचा विचार केला होता. या वेळचा विषय निराळा आहे आणि थोडासा घरगुतीही आहे. आमच्या आईला जाऊन नुकतेच वर्ष झाले. तिचे कपाट आवरताना जुन्या प्रार्थनापुस्तकात ठेवलेले एक छायाचित्र हाती लागले. एका दगडी इमारतीच्या दाराशी, भिंतीवर चढलेल्या वेलीखाली, पांढऱ्या पातळातील आई उभी आहे. मागच्या बाजूस तिच्या अक्षरात एकच शब्द आहे: 'गोणपाट'. घरातील मुलांना त्याचा अर्थ लागेना. आम्हांला मात्र तो तत्काळ लागला, आणि त्या दिवशी आमच्या मनात आलेल्या एका विचाराची पुन्हा एकदा लाज वाटली. त्याचीच ही हकीकत.

२०१३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही आईला घेऊन भाच्याकडे कॅलिफोर्नियास गेलो होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस नापा नावाचे खोरे द्राक्षमळ्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. त्या खोऱ्याच्या पश्चिमेस माउंट वीडर हा डोंगर. रेडवुडच्या उंच झाडांमधून वळणे घेत जाणारा रस्ता एका जुन्या द्राक्षारसगृहापाशी पोहोचतो. हेस यांचे हे द्राक्षारसगृह असून त्याच इमारतीत आधुनिक चित्रे व शिल्पे यांचा मोठा संग्रह आहे, असे भाच्याने सांगितले. ते ऐकून आम्ही हरखलो, परंतु त्याच वेळी मनात आले की, शहात्तर वर्षांच्या, चौथी शिकलेल्या आपल्या आईला त्यातले काय कळणार? तिला बागेतील बाकावर सावलीत बसवावे आणि आपण तासाभरात पाहून यावे, असा बेतही आम्ही मनातल्या मनात ठरविला.

त्या वास्तूचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. थिओडोर गियर नावाच्या जर्मन गृहस्थाने १९०३ साली ही दगडी इमारत उभारली. १९३० च्या दशकात ती ख्रिश्चन ब्रदर्स या कॅथलिक शिक्षक-संघाकडे आली. हे बंधू द्राक्षारस विकून त्या पैशावर शाळा चालवीत. शिक्षकी पेशातील आम्हांला हे ऐकून कौतुक वाटले. पुढे स्वित्झर्लंडमधील बर्न शहराचे डोनाल्ड हेस आले. त्यांच्या घराण्याचा बिअरचा धंदा होता आणि त्यांनी स्वतः बाटलीबंद खनिजजलाचा व्यवसाय वाढविला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते नापा भागात आले, ते पाण्याच्या झऱ्याच्या शोधात. परंतु तेथील द्राक्षारस चाखून त्यांनी डोंगरावर मळेच विकत घेतले. १९८० च्या दशकात त्यांनी ही जुनी इमारत भाडेपट्ट्याने घेतली व १९८९ साली कलासंग्रहासह ती लोकांस खुली केली. मोजक्याच कलावंतांची निवड करावी, ते हयात असावेत आणि वर्षानुवर्षे त्यांच्या कामाचा मागोवा घ्यावा, अशी त्यांची रीत होती.

प्रथम द्राक्षारस कसा होतो ते पाहिले. डोंगरावरची माती पातळ असल्याने वेलीला कष्ट पडतात, मणी बारीक राहतात आणि सालीच्या मानाने रस थोडा येतो. तांबडा रंग रसाचा नसून सालीचा असतो. म्हणून रस सालींसकट आंबवितात आणि मग ओकच्या पिंपांत मुरत ठेवतात. आईने विचारले, "आणि चोथ्याचे काय करतात?" भाच्याने तेथील माणसास विचारून सांगितले की, तो खत म्हणून मळ्यात जातो. आई समाधानाने म्हणाली, "आमच्या घाण्याची पेंड गुरांना जायची." आपले पूर्वज कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जात. आईच्या माहेरी तिच्या लहानपणी घाणा फिरत होता. पिळून काढणे म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवायला नको होते.

चव घेण्याच्या दालनात आमच्यापुढे पेले आले. तो द्राक्षारस कोशर नसल्यामुळे आम्ही नम्रपणे नको म्हटले. आईने पाणी मागितले. पाण्याच्या शोधात आलेला मनुष्य द्राक्षारस घेऊन बसला आणि आमची आई द्राक्षारसगृहात जाऊन पाणी प्यायली! पाणी पिता पिता तिने नातसुनेला सांगितले की, गावी किद्दुशसाठी द्राक्षारस कोठला. काळ्या मनुका भिजत घालायच्या, हाताने कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या, आणि त्या शरबतावर आशीर्वाद म्हणायचा.

आता संग्रहाकडे जायचे होते. आम्ही आईला म्हटले, "तू दमली असशील. बागेत बसतेस का?" ती म्हणाली, "एवढ्या लांब आणलेस ते बाकावर बसवायला?" आम्ही गप्प झालो.

एका दालनात जुना अंडरवुड टंकलेखक ठेवला होता आणि त्यातून, जेथे कागद असावयाचा तेथून, खरीखुरी ज्योत निघत होती. आम्ही चष्मा लावून माहिती वाचू लागलो. आईने काहीही न वाचता विचारले, "हा कोणाच्या नावाचा दिवा?" अर्जेंटिनाचे कलावंत लिओपोल्दो मालेर यांनी १९७४ साली केलेली ही कृती त्यांच्या चुलत्याच्या स्मरणार्थ आहे. ते लेखक होते व लिखाणापायी त्यांची हत्या झाली. दरवर्षी मृतांच्या नावाने दिवा लावणाऱ्या आईला पाटीची गरज पडली नाही.

पुढे अँडी गोल्ड्सवर्दी या ब्रिटिश कलावंताची कृती होती. चेस्टनटच्या पानांचे वाळलेले देठ काट्यांनी एकमेकांस टोचून, जोडून केलेला एक नाजूक पडदा. आम्ही दुरून पाहात होतो. आई जवळ गेली, मान तिरपी करून जोड पाहिला आणि म्हणाली, "पत्रावळीचीच टोचणी. पण देठ ओले असताना टोचलेत. सुकल्यावर टोचले तर चिरतात." लग्नाकार्याला शंभर-शंभर पत्रावळी लावलेला तिचा हात होता. आम्ही मात्र ती पाहून 'आधुनिक कला' एवढेच म्हणालो होतो.

शेवटी आम्ही एका घोळक्यापुढे आलो. माणसाच्या उंचीच्या आकृती ओळीने उभ्या होत्या, एकीलाही डोके नव्हते. आम्हांला क्षणभर भीतीच वाटली. आई म्हणाली, "हे तर गोणपाट!" आणि ती वळसा घालून मागे गेली. मागून प्रत्येक आकृती पोकळ होती. पुढे माणूस आणि मागे नुसती खोळ. पोलंडच्या माग्दालेना आबाकानोविच यांनी माणसांच्या अंगावरून साचे घेऊन, गोणपाट राळेत भिजवून ही माणसे घडविली. त्यांचा जन्म १९३० चा. १९४३ साली जर्मन सैनिक घरात घुसले आणि त्यांच्या गोळीने त्यांच्या आईचा हात तुटला. जमाव म्हणजे काय, हे त्यांनी बालपणीच पाहिले होते.

आई बराच वेळ तेथे उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "तुझ्या मामाचे पत्र आठवते. चौसष्ट सालचे." १९६४ साली आपल्या यहुदीपणाविषयी घेतलेल्या शंकेविरुद्ध बेने इस्राएल बंधुभगिनी येरुशलायममध्ये ठाण मांडून बसले होते, आणि त्याच ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपण सर्व दृष्टींनी यहुदी असल्याचे जाहीर केले, हे वाचकांस ठाऊक आहेच. आमचे मामा त्या ओळींत होते. "त्याने लिहिले होते," आई म्हणाली, "येथे आम्हांला मोजतात रोज, पण तोंडाकडे कोणी पाहात नाही." तिने पदराने डोळे पुसले. आम्ही ते पत्र कधी वाचले नव्हते. असे पत्र होते, हेही आम्हांला त्या डोंगरावर प्रथम कळले, आणि तेही एका पोलिश बाईच्या गोणपाटामुळे.

त्यानंतर वर्षाने, २४ ऑगस्ट २०१४ रोजी, नापा भागात मोठा भूकंप झाला व त्या द्राक्षारसगृहाचेही नुकसान झाले. २०२३ साली हेस निवर्तले. आबाकानोविच २०१७ मध्येच गेल्या होत्या. आता आईही नाही. मामांचे पत्र आम्ही पुष्कळ शोधले. देशांतराच्या गडबडीत ते कोठे गेले कोण जाणे.

शिक्षक-प्रशिक्षणात आम्हांस शिकविले होते की, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. तीस वर्षे आम्ही तो नियम फळ्यापुढे पाळला. परंतु आपल्या आईपाशी किती 'ज्ञात' साठलेले आहे, याची चौकशी मात्र केली नाही. घाणा, पत्रावळ, गोणपाट, स्मरणाचा दिवा एवढ्या शिदोरीवर ती त्या संग्रहात आमच्यापेक्षा पुष्कळ अधिक पाहून आली.

वाचकहो, येत्या सुट्टीत मुलांना घेऊन एखाद्या संग्रहालयात जाल, तेव्हा आजी-आजोबांना बाहेरच्या बाकावर बसवून आत जाऊ नका. त्यांना पुढे चालू द्या, आणि ते काय म्हणतात ते घरी आल्यावर वहीत लिहून ठेवा. जुनी पत्रे असतील तर ती आजच शोधा.

या शब्बाथला आम्ही मनुका भिजत घालणार आहोत. मुले हसतील, हसू देत. गाळण्याचे फडके त्यांच्याच हाती देणार आहोत.