पोटुशीने सर्दी अंगावर काढू नये

डिसेंबर-जानेवारीत बेंगळुरूत रात्रीचा पारा 15-16 अंशांवर येतो. नाशिक-पुण्याहून आलेल्यांना ही थंडी वाटतही नाही. पण सर्दी विषाणूमुळे होते, आणि तो पसरायला काचा बंद केलेली एसी बस, सिल्क बोर्डचा ट्रॅफिक आणि एकाच मजल्यावर शिंकणारी टीम पुरेशी आहे.

इथे नोकरी करणाऱ्या गरोदर मुली हमखास म्हणतात, "पुढे सहा महिने रजा घ्यायचीच आहे, मग आता सर्दीसाठी दोन दिवस कशाला मागू?" तुमचा हा संकोच मला कळतो, पण तो सोडा. बाळंतपणाची रजा वेगळी, आजारपणाची वेगळी. कर्नाटकच्या 1961 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 12 दिवसांपर्यंत आजारपणाची पगारी रजा आहे. ती मागणं म्हणजे कुणाचे उपकार घेणं नव्हे. टीम लीड असाल तर एवढं करा: नाक गळत असलेल्या गरोदर सहकारणीने विचारायच्या आधीच तिला घरी पाठवा.

माझी खरी काळजी आहे ती गोळ्यांची. मेडिकलमध्ये नुसतं "सर्दीची गोळी द्या" म्हणू नका. पाकीट हातात आलं की उलटं करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात: तापासाठी पॅरासिटामॉल, नाक मोकळं करायला फिनाइलेफ्रिन, शिंका थांबवायला आणखी एखादं. फिनाइलेफ्रिन रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते नको. शिवाय ही गोळी घेतली आणि अंग दुखतंय म्हणून वर डोलोही घेतली, तर पॅरासिटामॉल दुप्पट पोटात जातं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांपासून लांब राहा. विसाव्या आठवड्यानंतर तर नक्कीच, कारण त्यांचा बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. मात्र डॉक्टरांनी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन लिहून दिली असेल तर ती मनाने बंद करू नका.

याची दुसरी बाजूही आहे. औषधाच्या धास्तीने ताप अंगावर काढणंही चूक. पहिल्या तीन महिन्यांत चढलेला ताप बाळाला चांगला नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत नुसतं पॅरासिटामॉल घ्यायला घाबरू नका. उरलेली अँटिबायोटिक्स मात्र कपाटातच राहू द्या, विषाणूवर ती चालत नाहीत.

गावाहून आईने काढ्याची पुडी पाठवलेली असते. आलं, तुळस घातलेला कपभर चहा खुशाल घ्या. काढ्यात ज्येष्ठमध मूठभर असेल तर तो काढा बाजूला ठेवा; गरोदरपणात ज्येष्ठमध जास्त घेऊ नये. ओव्याची धुरीही नको, धूर छातीत जातो. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, नाकात सलाइनचे थेंब, झोपताना डोक्याखाली एक उशी जास्त आणि भरपूर पाणी, हे सगळं निर्धोक आहे. वाफ घेताना भांडं टेबलावर पक्कं ठेवा. मांडीवर पातेलं घेऊन बसू नका, पोट पुढे आलं की तोल सांभाळता येत नाही.

नाक आठवडेच्या आठवडे चोंदलेलं आहे, पण ताप नाही, घसा दुखत नाही, असंही होतं. गरोदरपणात नाकातली त्वचा सुजते, आणि बाळंतपणानंतर हा त्रास बहुधा आपोआप जातो. डॉक्टरांच्या कानावर घाला, पण जीव घाबरा करून घेऊ नका.

फ्लू मात्र साधी सर्दी नव्हे. अचानक चढलेला ताप, मोडून आलेलं अंग आणि कोरडा खोकला असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण फ्लूचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. गरोदर बाईला फ्लू जड जातो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये लसीसाठी गरोदर स्त्रियांना सर्वांच्या पुढे ठेवलं. ही लस गरोदरपणाच्या कुठल्याही महिन्यात घेता येते. जन्मलेल्या बाळाला सहा महिने पूर्ण होईपर्यंत स्वतःची फ्लूची लस देता येत नाही. तोवर आईकडून मिळालेलं संरक्षणच त्याच्या उपयोगी पडतं. पुढच्या तपासणीला लसीचं नक्की विचारा.

आणि घरच्यांनो, हे तुम्हीही लक्षात ठेवा: ताप 100.4 च्या वर गेला, धाप लागली, छातीत दुखलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा किंवा रिक्षा बोलवा, पण तिला त्याच रात्री दवाखान्यात न्या.