मुद्दे कोणी द्यायचे?

सध्या एका नव्या विद्येचा फार बोलबाला आहे. संगणकातल्या लिहित्या यंत्राला काय सांगितले असता ते चांगला मजकूर लिहून देते, याची ही विद्या. या सांगण्याला प्रॉम्प्ट म्हणतात. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी लोकांच्या हाती आले आणि पाठोपाठ प्रॉम्प्ट शिकविणारे गुरुजन गल्लोगल्ली उभे राहिले. बागायतदार, खानावळवाला, शिकवणीवाला, ज्याला त्याला आज वेबसाइट हवी आहे आणि तिच्यावरचा मजकूर यंत्राकडून हवा आहे. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते या गुरुजनांच्या शिकवणुकीत. विद्या म्हणून ते जे देतात, ते निव्वळ मंत्रतंत्र आहे.

त्यांचा पहिला मंत्र असा : यंत्राला सांगा की, ‘तू वीस वर्षांचा अनुभव असलेला जाहिराततज्ज्ञ आहेस.’ दुसरा : ‘मजकूर आकर्षक आणि परिणामकारक लिही.’ तिसरा : आज्ञा इंग्रजीत द्या, मग उत्तराचे मराठी करून घ्या. या तिन्हींचे फळ आपण रोज वाचतो. ‘निसर्गाच्या कुशीत वसलेले’, ‘परंपरा आणि आधुनिकतेचा अनोखा संगम’, ‘आम्ही आपणांस सर्वोत्तम अनुभव प्रदान करण्यास वचनबद्ध आहोत.’ ही वाक्ये वसईच्या माणसाची नाहीत, वाईच्या नाहीत, कोणाचीच नाहीत. ती कोणत्याही गावाला लागू पडतात, म्हणून कोणत्याच गावाची होत नाहीत.

असे का होते? यंत्राने अफाट लिखाण पचविलेले असते. आपल्या शब्दांपुढे कोणता शब्द येणे अधिक संभवनीय, याचा अंदाज बांधीत ते तुकड्याला तुकडा जोडीत जाते. तज्ज्ञाचे सोंग दिले तर सूर बदलतो, पण पदरात नसलेली माहिती सोंगाने येत नाही. वसई म्हटले की ते १७३९ ची चिमाजी आप्पांची मोहीम सांगेल, १८०२ चा तह सांगेल. कारण त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या उमेळ्यावर कितीसे लिहिले गेले आहे? जिथे लिखाण थोडे, तिथे यंत्र गप्प बसत नाही, अंदाजाने भरते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्यापूर्वीचे सारे लिखाण वसईला ठाणे जिल्ह्यात घालते. जुन्या मजकुरावर पोसलेले यंत्र तुमचा पत्ता ठाणे जिल्ह्यात लिहून गेले, तर दोष कोणाचा? जिल्हा न सांगणाऱ्याचा.

आता वसईच्या सुकेळीचे उदाहरण घ्या. राजेळी केळी सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवायची. वरून साखर नाही, काही नाही. मेहनत फार, म्हणून करणारी घरे थोडी. अशा एका घराने ‘सुकेळीवर आकर्षक मजकूर लिही’ एवढेच सांगितले, तर ‘आरोग्य आणि चवीचा खजिना’ पदरात पडेल. त्याऐवजी असे सांगून पाहावे : ‘वाचणारा मुंबईचा आहे. त्याने सुकेळी कधी खाल्लेली नाही. केळी राजेळीच का, वाळवायला किती दिवस लागतात, रंग काळपट का होतो आणि किंमत अधिक का, एवढेच त्याला समजले पाहिजे. माहिती खाली देत आहे. तिच्याबाहेरचे काही लिहू नकोस. आजारावर गुणकारी आहे असे म्हणू नकोस. काही कमी पडले तर आधी मला विचार. दीडशे शब्द, बोलीला जवळचे साधे मराठी.’ आणि खाली आपल्या अंगणातली माहिती, आपल्या घरातल्या शब्दांत. वाडवळीतला एखादा शब्द असेल तर तोही अर्थासह द्यावा; यंत्राला तो ठाऊक असेल या भ्रमात राहू नये.

यात गूढ असे काय आहे? मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही ‘खालील मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ हा प्रश्न आठवेल. परिणामकारक प्रॉम्प्ट म्हणजे ते मुद्दे. फरक इतकाच की, तेव्हा मुद्दे मास्तर देत आणि गोष्ट मूल लिही. आता गोष्ट यंत्र लिहिते आणि मुद्दे आपण द्यायचे आहेत. मुद्दे देणे हे नेहमीच अधिक अवघड काम होते. काय महत्त्वाचे, काय गाळायचे, कोणासाठी लिहायचे, हे ज्याला ठरविता येते तोच मुद्दे देऊ शकतो. म्हणून ‘यंत्र आले, आता पोरांना निबंध कशाला?’ असे विचारणाऱ्या पालकांना माझे उत्तर आहे : आता अधिकच हवा.

आमच्या साहित्यिक मंडळींचा आक्षेप निराळा आहे. या विटाळाला शिवूच नये, असे ते म्हणतात. जाहिरात लिहून घ्यायला ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने असे म्हणावे. सुकेळी वाळविणाऱ्या बाईने का म्हणावे? तिला आपला माल चार लोकांना कळवायचा आहे. तिच्या हाती आलेले साधन हिसकावून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. ते नीट वापरायला शिकविण्याचे कर्तव्य मात्र आहे.

ते कर्तव्य टाळले तर काय होईल? २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असणारे आठ कोटींहून अधिक आहेत, पण इंटरनेटवर मराठी मजकूर त्या मानाने थोडाच आहे. त्यात अंदाजाने भरलेला मजकूर ओतला, तर उद्याची यंत्रे तोच खरा मानून शिकतील. आजची थाप उद्याचा इतिहास होईल, आणि आपल्या गावाची खोटी माहिती आपल्याच वेबसाइटवरून आपल्या नातवंडांना शिकविली जाईल.

म्हणून आज्ञा कितीही चोख दिली तरी यंत्राचा मजकूर ओळ न् ओळ तपासलाच पाहिजे. बजावून सांगितल्यानेही त्याची थाप मारण्याची खोड पुरती जात नाही. आणि शाळांतून आता प्रश्न उलटा घालावा. मुलांना मुद्दे देऊ नयेत. आपल्या गावाविषयी, आपल्या घरच्या धंद्याविषयी दहा मुद्दे लिहून आणा, असे सांगावे. आणि प्रत्येक मुद्द्यापुढे हे तुला कोणी सांगितले, तेही लिहावयास लावावे. ज्या मुलाला हे साधेल त्याला प्रॉम्प्टच्या वर्गाची फी भरावी लागणार नाही.