सशाचा रविवार

आमच्या माधवनगरच्या घरी गोठा रोज दोन वेळा झाडला जातो. सकाळी शेण निघाल्याखेरीज आजी चुलीकडे वळत नाही. मात्र त्याच घरातल्या सशाच्या पिंजऱ्याची पाळी यायची ती रविवारी. हे मला आता पटत नाही.

लेंड्या कोरड्या असतात, त्यांचा फारसा उपद्रव नाही. खरी घाण मुताची. ते कुजले की अमोनिया सुटतो, आणि ससा तर नाक खाली घालून तिथेच बसलेला! गेल्या पावसाळ्यात आमचा ससा आठवडाभर शिंकत होता. आम्ही गारठ्याला दोष देत राहिलो. तो गेला. कशाने गेला ते सांगता येणार नाही, पण पिंजरा साफ करायला आत डोके घातले तेव्हा माझेच डोळे चुरचुरले.

माझे मत असे, की ओला कोपरा रोज काढावा. ससा बहुधा एकच कोपरा धरतो. तिथे ट्रे ठेवून कागद व वाळले गवत घातले की काम पाच मिनिटांचे. सबंध पिंजरा आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा. मुताचा पांढरा थर व्हिनेगरने सुटतो, फिनेल नको. ट्रेत चार लेंड्या मात्र राहू द्याव्यात, म्हणजे त्याला जागा ओळखू येते.

आणि ससा स्वतःची मऊ, चिकट लेंडी खातो, ती घाण नव्हे. तीतून त्याला जीवनसत्त्वे मिळतात. हे ठाऊक नव्हते, तेव्हा मी त्याला एकदा चापट मारली होती.