गाणं तिचं, इतिहास त्यांचा

ब्लूज म्हटलं की एकच चित्र आपल्यापुढे ठेवलं जातं. अमेरिकेतला एक काळा पुरुष, हातात गिटार, डोळ्यांवर ओढलेली टोपी. हे चित्र खोटं नाही, अर्धं आहे. उरलेल्या अर्ध्या चित्रात बाया होत्या. त्या पुसल्या गेल्या, म्हणून हे लिहिते आहे.

१९२० साली न्यूयॉर्कमध्ये मेमी स्मिथ या काळ्या गायिकेने ‘क्रेझी ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं. काळ्या श्रोत्यांनी त्या तबकड्या इतक्या विकत घेतल्या, की कंपन्यांना कळलं, इथे बाजार आहे. पुढची काही वर्षं ब्लूजच्या तबकड्या म्हणजे मुख्यतः बायांच्या तबकड्या होत्या: मा रेनी, बेसी स्मिथ, आयडा कॉक्स. गिटारवाल्या पुरुषांना कंपन्यांनी नंतर बोलावलं. या बाया मारकुट्या नवऱ्याबद्दल गायल्या, तुरुंगाबद्दल, पुराबद्दल गायल्या. १९२८ मध्ये मा रेनीने बाईचं बाईवरचं प्रेमही गाण्यात आणलं. कष्टकरी काळ्या बायांचा स्त्रीवाद या गाण्यांत आहे, हे अँजेला डेव्हिस यांनी १९९८ च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडलं.

हे मी वाचलं होतं. त्याचा अर्थ मात्र शिकागोत, हॉल्स्टेड रस्त्यावरच्या एका छोट्या क्लबात कळला. खुर्च्या एकमेकींना खेटलेल्या. साठी ओलांडलेली गायिका, मागे चार पुरुष वादक, भिंतीवरच्या तसबिरी बहुतेक पुरुषांच्याच. तिने एक ओळ म्हटली. तीच पुन्हा म्हटली, पण दुसऱ्या वेळी तीत राग होता. मग तिसरी ओळ, पहिल्या दोन्हींना उत्तर देणारी. ब्लूजची बांधणीच बहुधा अशी असते. पुढच्या टेबलावरच्या दोघी तिला मोठ्याने साद देत होत्या. एकीची तक्रार बघता बघता तिघींची झाली. याला कोणी रडगाणं म्हणत असेल, तर त्याने ते ऐकलेलं नाही.

मध्येच एक जण ओरडला, ‘एल्व्हिसचं ‘हाउंड डॉग’ होऊ द्या!’

‘ते बिग मामाचं आहे,’ एवढंच ती म्हणाली आणि गायली.

बिग मामा थॉर्नटनचं ‘हाउंड डॉग’ १९५३ मध्ये बाहेर पडलं आणि गाजलं. एल्व्हिस प्रेस्लीने ते गायलं १९५६ मध्ये. बिग मामा सांगत असे, की तिला त्या गाण्याचे एकदाच ५०० डॉलर मिळाले. बेसी स्मिथ १९३७ मध्ये गेली. तिच्या कबरीवर १९७० पर्यंत साधा दगड नव्हता. तो बसवायला पैसे दिले गायिका जॅनिस जॉप्लिनने आणि लहानपणी बेसीच्या घरी कामाला असलेल्या हुआनिता ग्रीनने. लाखो तबकड्या विकणाऱ्या कंपनीने नव्हे!

‘दारूच्या क्लबात कसली आलीय जाणीव?’ असं विचारणारे आपल्यातही आहेत. तमाशातल्या बाईकडेही याच नजरेने पाहिलं गेलं. पण ज्या बाईला सभागृहाचं दार बंद होतं, तिने गायचं कुठे?

आणि मैत्रिणींनो, आपल्या चळवळीत काय होतं? सभेला बाया जमेपर्यंत ‘एखादं गाणं घ्या गं’ म्हणायचं. वक्ता आला की गाणं थांबवायचं. भाषण अहवालात पानभर, आणि ‘सुरुवातीला चळवळीची गाणी झाली’ ही एक ओळ. वक्त्याला प्रवासखर्च, गाणारीला चहा. मग कंपन्यांनी काय वेगळं केलं?

शोषणाचं विश्लेषण फक्त भाषणात होतं, हा समज सोडून देऊ या. शिबिराच्या पत्रिकेत गाण्याला स्वतंत्र वेळ ठेवा आणि त्यानंतर गाण्यावरच चर्चा घ्या. जिने रचलं, जी गायली, तिचं नाव अहवालात लिहा. मानधन द्यायची वेळ आली, की यादीत तिला शेवटी टाकू नका. नावं आज लिहिली नाहीत, तर उद्या आपला इतिहासही दुसरंच कोणी गाईल.