आवाजाचा शेवटचा उंबरठा

हैदराबादहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले, की जहीराबाद मागे पडल्यावर आणि हुमनाबाद येण्यापूर्वी मन्नाएखेळ्ळी लागते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बीदर जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तरी आपल्याकडील पुष्कळ मराठी घराण्यांचे सोयरसंबंध त्या बाजूला अद्याप टिकून आहेत. आमचेही आहेत. म्हणून माघातल्या सप्ताहाला माझी तेथे फेरी होते.

गेल्या खेपेस कीर्तनाला बसलो आणि मन खट्टू झाले. बुवांचा गळा उत्तम, पखवाज्याचा हात तयार; परंतु कर्ण्यांतून येई ती अखंड घरघर. अभंगाचा शब्द कळेना, म्हणून माईकवाल्याने आवाज वाढवावा. आवाज वाढला की घरघरही वाढावी! मागे बसलेली वृद्ध मंडळी कंटाळून उठून गेली. दुसऱ्या दिवशी तरुण मंडळींनी माझ्यापुढे बेत मांडला, “काका, हा मिक्सर आता म्हातारा झाला. वर्गणी काढून डिजिटल घेऊ या.”

मी म्हटले, “घ्या, पण आधी याचे दुखणे तरी पाहू.”

वाचकांपैकी ज्यांना या यंत्राचा परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. निरनिराळ्या माईकांचे आवाज मिक्सरमध्ये एकत्र येतात आणि शेवटी आउटपुट विभागातून बाहेरच्या तारेत उतरतात. हा विभाग म्हणजे घराचा उंबरठाच. आत कितीही टापटीप असली तरी उंबरठ्याला ठेच लागली, की पाहुणा तोंडावर पडतो. मंडपात मिक्सर श्रोत्यांच्या मागे आणि अँप्लिफायर व्यासपीठापाशी. मध्ये साठ-सत्तर मीटर तार, तीही दिव्यांच्या तारेला खेटून. इतका पल्ला गाठण्याची शक्ती त्या शेवटच्या विभागात असावी लागते.

गावातील रेडिओ दुरुस्त करणारा एक होतकरू मुलगा आणि मी, दोघांनी मिळून यंत्र उघडले. आत ४५५८ जातीची जुनी आयसी होती. अलीकडे ज्याला त्याला ती काढून ५५३२ बसवण्याची घाई असते. दोहोंचे आठ पाय सारखेच असल्याने अदलाबदल सोपी. ५५३२ ही १९७०च्या दशकाच्या अखेरीस सिग्नेटिक्स कंपनीने काढलेली. ६०० ओहमांचा भार ती सहज पेलते आणि तिचा स्वतःचा खरखराटही कमी. आम्हीही मोहात पडलो. आयसी बदलली आणि आवाज पूर्वीपेक्षा कर्कश झाला! बोट लावून पाहिले तो आयसी चांगलीच तापलेली. चूक आमचीच होती. चपळ आयसीला तिच्या पायांपाशीच ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा कंडेन्सर लागतो. तो नसेल तर ती कानाला ऐकू न येणाऱ्या उंच कंपनात सापडते. शिवाय लांब तारेची धारकता तिला डिवचते, म्हणून बाहेर पडण्याच्या वाटेवर ६८ ओहमांचा रेझिस्टर घातला. मग ती शांत झाली.

आवाज सुधारला, पण घरघर मात्र जशीच्या तशी! तेव्हा ध्यानी आले, की दोष आयसीचा नव्हताच. आवाज एका तारेने आणि जाळीने जात होता, आणि दिव्यांच्या तारेची ५० हर्ट्झची कुरकुर त्यात मिसळत होती. अँप्लिफायरला संतुलित इनपुट होते. ते कोणी वापरतच नव्हते. आम्ही दोन तारांची जाळीदार केबल आणली. एका तारेवर आवाज आणि दुसरी तार तेवढ्याच, म्हणजे ६८ ओहमांच्या, रेझिस्टरमधून मिक्सरच्या जमिनीला जोडली. आता कुरकुर दोन्ही तारांवर सारखीच येते, आणि अँप्लिफायर दोहोंतला फरक तेवढा घेतो. म्हणून ती वजा होते. उंबरठ्यावरचे सुकलेले कंडेन्सरही बदलले, आणि पखवाजाची हरवलेली धूम परत आली. खर्च म्हणाल, तर नव्या यंत्राच्या मानाने नगण्य.

त्या रात्री कीर्तनाला आवाज पहिल्यापेक्षा कमी ठेवला होता. तरी शेवटच्या सतरंजीपर्यंत शब्द पोहोचत होता. उठून गेलेली मंडळी निरूपण संपेपर्यंत बसली. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. परंतु मला वाटते, आपल्या उत्सवांतला अर्धा गोंगाट भक्तीच्या उत्साहाचा नसून अस्पष्ट आवाजाची भरपाई करण्याच्या धडपडीचा आहे. शब्द स्वच्छ आला, तर ओरडण्याचे कारणच उरत नाही.

डिजिटल यंत्राशी माझे वैर नाही. आदल्या दिवशीची मांडणी एका कळीसरशी परत आणणे ही त्याची सोय खरोखर मोठी आहे. परंतु तीच एकेरी तार त्यातून ओढली असती, तर वर्गणीच्या पैशांत विकत घेतलेली घरघरच ऐकावी लागली असती. आणि आयसी बदलली म्हणजे सुधारणा झाली असे मानणारे आमच्यासारखे हौशीही त्याच चुकीचे धनी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, ऐकावी, मग दुसरीला हात घालावा, एवढेच मी त्या यंत्रापासून शिकलो.

यंत्राइतकीच जपण्यासारखी गोष्ट म्हणजे ते उघडणारा हात. असे हात गावोगाव कमी होत आहेत. आपल्या मंडळांनी नव्या खरेदीचा ठराव करण्यापूर्वी गावच्या कारागिराला एकदा बोलवावे, त्याची मजुरी रोख द्यावी आणि एखाद्या मुलाला त्याच्या शेजारी बसवावे. त्या मुलाच्या हाती सोल्डरची कांडी आली, तर पुढल्या माघात मला तेथे फक्त ऐकण्यासाठी जाता येईल.