अटी लिहून द्या, मग भांडू

परवा शनिवारी सकाळी साडेसातला दादाचा फोन. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, गेली वीसेक वर्षं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात. त्याची मुलगी अकरावीत आहे आणि तिला गणित शिकायला इंग्लंडला जायचंय. बापलेकीने मिळून तिथल्या युनिव्हर्सिट्यांच्या अटी वाचल्या आणि दादाचा पारा चढला. "अरे, पोरीचा जीपीए चारपैकी चार आहे. व्हायोलिन वाजवते, फूड बँकेत जाते, शाळेचा पेपर चालवते. आणि हे लोक म्हणतात, ते सगळं छान, पण एपी किती? ह्यांना माणूस बघायचाच नाहीये, नुसते मार्क बघायचेत!"

मी तेव्हा नुसतं हो हो केलं. (दात घासता घासता मोठ्या भावाशी कोण वाद घालणार?) पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण हे मी आधीही बऱ्याच जणांकडून ऐकलंय, आणि मला ते साफ चूक वाटतं.

आधी अटी काय आहेत ते बघू. अमेरिकेतला हायस्कूल डिप्लोमा इंग्लंडमध्ये ए-लेव्हलच्या बरोबरीचा धरत नाहीत. कारण सरळ आहे. इंग्लंडमधली मुलं शेवटची दोन वर्षं साधारण तीनच विषय घेतात आणि ते खोलवर शिकतात. पुढची डिग्री बहुतेक तीन वर्षांची, आणि तीही पहिल्या दिवसापासून एकाच विषयाची. म्हणजे पहिलं लेक्चरच ए-लेव्हल संपते तिथून सुरू होतं. अमेरिकन मूल बारावीपर्यंत सगळं थोडं थोडं शिकतं आणि कॉलेजातही पहिली एक-दोन वर्षं इकडचं तिकडचं चाखून बघतं. वाईट काहीच नाही त्यात, पण गाडी वेगळ्या स्टेशनावर उभी असते.

म्हणून अमेरिकन मुलांकडे ते एपी मागतात, अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीची एकेका विषयाची परीक्षा, मे महिन्यात, मार्क १ ते ५. ऑक्सफर्डला चार विषयांत ५ लागतात, किंवा तीन विषयांत ५ आणि सोबत सॅटमध्ये १६०० पैकी १४६० च्या आसपास. केंब्रिजला साधारण पाच विषयांत ५. कॅल्क्युलसच्या एबी आणि बीसी अशा दोन परीक्षा आहेत, पण दोन्ही दिल्या तरी एकच विषय धरतात. स्कॉटलंडमध्ये डिग्री चार वर्षांची, त्यामुळे तिथे काही ठिकाणी हायस्कूलचे मार्क आणि सॅटवरही भागतं.

झालं. अटी कडक आहेत, पण एका पानावर मावतात आणि सोळा वर्षांच्या मुलीला एकटीने वाचून समजतात.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात दोन प्रकारचे क्लायंट असतात. एक रिक्वायरमेंट लिहून देतो. खडूस असतो, पण काय हवंय ते कागदावर असतं. दुसरा गोड बोलतो, "तुम्ही करा हो, आपण बघू", आणि सहा महिन्यांनी डेमो बघून म्हणतो, "हे नाही, माझ्या मनात काहीतरी वेगळं होतं." काय वेगळं, ते त्यालाही सांगता येत नाही. अमेरिकेतली नामांकित कॉलेजं हा दुसरा क्लायंट आहे. तिथे या प्रकाराला 'होलिस्टिक' असं भारदस्त नाव आहे. म्हणजे काय, तर पूर्ण माणूस बघणे.

पूर्ण माणूस कसा बघतात ते २०१८ साली हार्वर्डवरच्या खटल्यात थोडंफार बाहेर आलं. तिथे प्रत्येक अर्जाला एक 'पर्सनल रेटिंग' देत. आशियाई वंशाच्या मुलांना ते सरासरी कमी मिळत होतं. हार्वर्डने भेदभावाचा आरोप नाकारला, खालच्या कोर्टांनी हार्वर्डचं मानलं, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने वंश बघून प्रवेश देणंच बंद केलं, वगैरे. ते राहू द्या. मुद्दा असा की मुलांना असं काही रेटिंग आहे याचा पत्ताच नव्हता. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप मिळायचं, देणगीदारांच्या ओळखीतल्या मुलांची वेगळी यादी असायची. पूर्ण माणूस बघताना त्याचा बापही बघून घेतला जात होता तर! :-)

आणि जिथे नियम धूसर, तिथे दलाल आलाच. २०१९ मध्ये रिक सिंगर नावाचा एक महाभाग पकडला गेला. श्रीमंत आईबापांकडून पैसे घेऊन त्यांच्या मुलांना खोटे खेळाडू म्हणून आत घुसवायचा. त्याने सॅटमध्येही घोळ घातले, हे मान्य. पण परीक्षेतल्या कॉपीला निदान आपण कॉपी म्हणतो. निबंध दुसऱ्याकडून 'सुधारून' घ्यायला हजारो डॉलर मोजले तर त्याला कौन्सेलिंग म्हणतात. २०२० नंतर बहुतेक कॉलेजांनी सॅट ऐच्छिक केली, पण एमआयटीने २०२२ मध्ये ती परत आणली. त्यांनी दिलेलं एक कारण दादाने वाचावं असं आहे: स्कोअर नसले की साध्या घरातली, पण तयारी असलेली मुलं ओळखणं अवघड जातं.

आता तुम्ही म्हणाल, सीईटीच्या मेरिट लिस्टमधून आलेला माणूस मार्कांचंच गाणं गाणार. बरोबर आहे. आणि ब्रिटिशही काही संत नाहीत. अट पूर्ण केली म्हणजे प्रवेश मिळाला असं होत नाही, पुढे ऑक्सफर्ड-केंब्रिजचा इंटरव्ह्यू असतोच. २००० साली सरकारी शाळेतल्या एका हुशार मुलीला ऑक्सफर्डने नाकारलं, हार्वर्डने स्कॉलरशिप देऊन बोलावलं, आणि तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन ऑक्सफर्डवर जाहीरपणे तुटून पडले होते.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. माझ्या पुतणीच्या शाळेत एपीचे फक्त तीन विषय शिकवतात. कॅल्क्युलस आहे, पण एबीच, बीसी नाही. मोठ्या शहराच्या उपनगरातल्या शाळांत अशा विषयांची रांग असते. शाळेत विषय नसला तरी परीक्षा देता येते, पण मग स्वतः अभ्यास करायचा, परीक्षेला बसू देणारी दुसरी शाळा शोधायची, आणि नाव आदल्या नोव्हेंबरच्या आत नोंदवायचं. शिवाय निकाल जुलैत, तर अमेरिकन कॉलेजांना होकार १ मेपर्यंत कळवायचा असतो. म्हणजे इकडे डिपॉझिट भरून तिकडे देव पाण्यात ठेवायचे.

गंमत म्हणजे ब्रिटिशांना हे कळत नाही असं नाही. त्यांच्याच देशातलं मूल कमकुवत निकालाच्या शाळेतून आलं, तर अनेक युनिव्हर्सिट्या त्याला एक-दोन ग्रेडने सवलत देतात. मग पेनसिल्व्हेनियातल्या मुलीची शाळा बघायला काय हरकत आहे? तीन विषय शिकवणाऱ्या शाळेतून तीन ५ आणि दहा विषय शिकवणाऱ्या शाळेतून चार ५, यात जास्त कोणी कमावलं? मुलीने तयारी करून यावी ही अपेक्षा रास्तच आहे, बीसी यायलाच हवं. पण विषयांचा आकडा शाळा बघून ठरवा. आणि तीही सवलत लिहून द्या, मनात ठेवू नका.

बघा, मी दोन मिनिटांत त्यांच्या नियमातली चूक दाखवू शकलो, कारण नियम समोर आहे. 'पर्सनल रेटिंग' मधली चूक दाखवायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. लिहिलेल्या अटीशी भांडता येतं, न लिहिलेल्या अटीसमोर फक्त हात जोडता येतात.

काल पुन्हा फोन केला. दादा अजून धुमसतच होता. पुतणीने फोन घेतला. बीसीचं पुस्तक आणलंय, चाळीस मैलांवरच्या एका शाळेने परीक्षेला बसू द्यायचं कबूल केलंय. मी विचारलं, "जमेल ना गं?" म्हणाली, "माहीत नाही काका. पण काय करायचंय ते तरी माहितीये."

दादाला सांगितलं, चाळीस मैल गाडी चालवायची तयारी ठेव. असो.